एकशेदोनवरची टेकडी

बाईंबद्दल लिहायला बसलोय खरा, पण एक आधीच सांगून टाकतो. मला त्या आवडायच्या नाहीत. निदान पहिली पंधरा वर्षं तरी नाहीच. मी संस्थेच्या वर्कशॉपमधला पंपवाला. जिथे जिथे यंत्रातली हवा काढून टाकायची असते तिथे मला बोलावतात, आणि सगळ्यात जास्त बोलावणं यायचं ते तळघरातल्या बाईंकडून. पंप जरा कण्हला की फोन. "पंपवाले, आवाज बदललाय." मी जाऊन कान लावायचो, आवाज तोच असायचा. तसं सांगितलं की म्हणायच्या, "परवापर्यंत असा नव्हता." आणि दोन दिवसांनी तो पंप खरोखरच बसायचा. अशा माणसावर राग धरायला फार मेहनत लागत नाही.

तळघरातली त्यांची खोली लांबट होती. दारातून शिरलं की डाव्या हाताला चपलांचं कपाट, उजवीकडे बेसिन, आणि मधोमध ते यंत्र: घागरीएवढा स्टीलचा गोळा, त्याला चहूबाजूंनी फुटलेल्या नळ्या, जाड काचेच्या चकत्या आणि प्रत्येक जोडावर बोल्टांची रांग. खोलीला खिडकी नव्हती. भिंतीवर घड्याळ, एक टेबल, दोन खुर्च्या. दुसरी खुर्ची नमुने घेऊन येणाऱ्यांसाठी होती, पण बाईंचा नियम असा की नमुना द्यायचा आणि जायचं, मोजणी चालू असताना मागे उभं राहायचं नाही. त्यामुळे ती खुर्ची बहुतेक मीच वापरली, तीही पाने-पकडी ठेवायला.

एकदा पंपाने हवा पुरती ओढेपर्यंत थांबावं लागणार होतं. गप्प बसणं मला जमत नाही, म्हणून विचारलं, "बाई, तुमचं हे धूड नेमकं करतं काय?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. मला वाटलं, आता झापणार. पण त्या सांगायला लागल्या.

"वस्तूवर प्रकाश पडला की तिच्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. आम्ही क्ष-किरण टाकतो. तोही प्रकाशच, फक्त डोळ्यांना न दिसणारा. बाहेर पडलेला इलेक्ट्रॉन किती जोरात आला ते मोजायचं. प्रकाशाने त्याला किती जोर दिला होता ते आपल्याला माहीत असतं. मग मधला जोर कुठे गेला?"

"कुठे गेला?"

"सुटण्यात गेला. म्हणजे अणूने त्याला किती घट्ट धरून ठेवलं होतं ते कळलं. प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या परीने धरतं, पंपवाले. कुणी सैल, कुणी घट्ट. त्यावरून कोण आहे ते ओळखायचं."

"आणि हवा कशाला काढायची?"

"वाटेत हवा भेटली तर ते धडकतात, त्यांचा जोर जातो, मग ते काय सांगतात ते कळत नाही. म्हणून तुम्ही लागता."

"म्हणून तुम्ही लागता" हे वाक्य मी त्या संध्याकाळी घरी जाऊन वहिनीला सांगितलं. मी दादा-वहिनीकडे मागच्या खोलीत राहतो. लग्न राहून गेलं, का राहिलं ते सांगण्यासारखं काही नाही. वहिनी भाजी निवडत होती. म्हणाली, "भावोजी, तुम्ही कुणाला तरी लागता हे ऐकून बरं वाटलं." खोचकपणा तिचा जुना आहे. पण मला खरंच बरं वाटलं होतं.

हे यंत्र फक्त वरची कातडी बघतं. केसाच्या जाडीचा दहा हजारावा भाग, तेवढाच थर. त्याच्या खालून निघालेले इलेक्ट्रॉन वाटेतच दमतात. त्यामुळे नमुन्यावर नुसतं बोट टेकलं तरी यंत्राला नमुना दिसतच नाही, बोटच दिसतं. कार्बन तर प्रत्येक वस्तूवर असतोच. हवेत ठेवलेलं काहीही घ्या, त्याच्यावर तो बसलेला सापडणार, म्हणून त्याला धरूनच बाकीची मापं जुळवतात. पण खरा वैरी म्हणजे तेलकट सिलिकॉन, म्हणजे ग्रीसमध्ये, मलमांत, केसांना लावायच्या चकचकीत द्रवात असतं ते. एकदा शिरलं की पसरतं आणि जाता जात नाही. त्या खोलीच्या दारावर बाईंनी स्वतःच्या अक्षरात पाटी लावली होती: सिलिकॉन असलेली कोणतीही वस्तू आत आणू नये. वर्कशॉपमध्ये मी नव्या लोकांना तेच ओरडून सांगायचो. सिलिकॉनचं ग्रीस तळघरात न्याल तर तंगडं मोडीन, असं.

म्हणून हातमोजे. विद्यार्थी त्यांना मागून हातमोजेबाई म्हणायचे. मोजे घालायची त्यांची एक पद्धत होती. आधी डावा चढवायचा. मग उघड्या उजव्या हाताने त्याचं एकेक बोट टोकाला धरून ओढायचं, पाच बोटं, पाच हिसके. मग उजवा. असा मोजा अंगाबरोबर बसतो आणि चिमटा हातातून घसरत नाही, असं त्यांचं म्हणणं. ही पद्धत लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणि त्यांची नोंदवही. संगणक आले तरी बाईंनी वही सोडली नाही. कोणता नमुना, कुणाचा, कुणी हाताळला, पंपाचं तेल कधी बदललं, सगळं वहीत. चुकलं तर गिरगटायचं नाही, पांढरा रंग फासायचा नाही. एक सरळ रेघ मारायची, अशी की खालचं वाचता आलं पाहिजे. वर बरोबर ते लिहायचं, सही, तारीख. शेजारी साक्षीदाराची सही. आणि दुरुस्ती पुरी झाली की तिची एक प्रत काढून खोडणाऱ्याला द्यायची. हे सगळे नियम बाईंचेच. साक्षीदार नेहमी मी, कारण त्या तळघरात दुसरं होतंच कोण? मी सही करायचो, वर जाऊन प्रत काढून आणायचो आणि टेबलापलीकडे बसलेल्या त्याच बाईंना ती द्यायचो. "स्वतःच स्वतःला पत्र धाडायची ही कुठली तऱ्हा?" असं मी म्हणालोही एकदा. त्या म्हणाल्या, "चूक केलेल्या माणसाच्या हातात कागद गेला पाहिजे." सव्वीस वर्षांत अशा दुरुस्त्या चौदा झाल्या. सगळ्या मामुली होत्या.

त्यांच्या घरी मी एकदाच गेलो, त्यांना ताप आला होता आणि यंत्राची किल्ली हवी होती तेव्हा. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. खिडकीजवळ एक खुर्ची, दुसऱ्या खुर्चीवर इस्त्रीच्या कपड्यांची चळत. आई गेल्यापासून त्या एकट्याच, आणि एक भाऊ दुसऱ्या गावी. नको नको म्हणताना त्यांनी चहा केला. मला कपात दिला, स्वतः वाटीतून प्यायल्या.

"दुसरा कप फुटला," त्या म्हणाल्या.

"केव्हा?"

त्यांनी जरा विचार केला. "अकरा वर्षं झाली."

मी हसलो नाही. आमच्या मागच्या खोलीतही उशी एकच आहे.

त्यानंतर मात्र पंपाचा आवाज बदललाय असा फोन आला की मी कुरकुर न करता जायला लागलो. कधीकधी आवाज खरोखरच बदललेला नसायचा, आणि त्याही तो बदललाय असं फार जोर देऊन म्हणायच्या नाहीत. मी अर्धा तास बसायचो, पाना इकडचा तिकडे करायचो आणि यायचो.

बाईंच्या निवृत्तीला आठ महिने राहिले होते तेव्हाची गोष्ट. थंडीचे दिवस. बाईंना हात धुवायचं वेड होतंच, साबण आणि वर स्पिरिट, दिवसातून वीस वेळा. त्या दिवशी मोजा काढला तर आतल्या बाजूला रक्त. बोटांच्या टोकांना भेगा पडल्या होत्या. मी बघितलं हे त्यांनी बघितलं आणि हात टेबलाखाली घेतला. माझ्या खिशात एक ट्यूब होती. रॉकेल आणि तेलात हात घालून माझेही हात फुटायचे, म्हणून वहिनीने दोन ट्यूब आणून दिल्या होत्या, एक कोरीच पडून होती. मी ती टेबलावर ठेवली.

"ही घ्या. जास्तीची आहे."

यापेक्षा गोड बोलायला मला कुणी शिकवलं नाही.

बाईंनी ट्यूब उचलली, उलटसुलट केली आणि पर्समध्ये टाकली. आता बघा, आम्ही दोघंही लेबलं वाचून पोट भरणारी माणसं. नव्या वॉशरच्या पाकिटावरचं बारीक अक्षरसुद्धा मी सोडत नाही, आणि बाई तर साबणाच्या वडीचं वेष्टणही वाचायच्या. त्या ट्यूबची मागची बाजू मात्र आम्ही दोघांनीही वाचली नाही. मी वाचली नाही कारण ती वहिनीने आणली होती. त्यांनी का वाचली नाही, ते तेव्हा मला कळलं नाही.

त्याच सुमारास एका संशोधक मुलीचे नमुने यायला लागले. हसतमुख पोर, दारात चपला काढताना दोन्ही नीट जोडून ठेवणारी. धातूच्या पत्र्यावर ती गंज रोखणारा पातळ थर बसवायची, आणि तिचा सगळा दावा त्या थराच्या वरच्या कातडीबद्दल होता. तिच्या पहिल्याच आलेखात एकशेदोनच्या आकड्यावर, म्हणजे तेलकट सिलिकॉन दिसतं त्या जागी, एक छोटी टेकडी आली. बाईंनी अहवालात लिहिलं: पृष्ठभागावर सिलिकॉन, नमुना अस्वच्छ. मुलीने नवा नमुना बनवला. पुन्हा टेकडी. असं चार महिने चाललं. बाकीच्यांच्या नमुन्यांत हे दिसत नव्हतं, कारण ते लोक खालचा धातू बघायला यायचे, त्यांची वरची कातडी यंत्रातच आधी खरवडून टाकायची असते. हिची कातडी खरवडली तर मोजायचं काय?

शेवटी तिच्या गाइडचा धीर सुटला. मुदतवाढीच्या समितीपुढे तिचं प्रकरण जाणार होतं आणि कामात स्वच्छता नाही, चार महिन्यांचे अहवाल तसं सांगतात, असा शेरा त्यांनी तयार ठेवला होता. मुदतवाढ नाकारली की पाच वर्षांचं काम पाण्यात. बैठकीच्या आदल्या सकाळी ती तळघरात आली. मी पंपाशी बसलो होतो.

"मॅडम, मी शपथेवर सांगते, मी हाताला काही लावत नाही. केसांनाही नाही. काचेच्या भांड्यातून येत असेल का?"

"काचेतलं सिलिकॉन एकशे तीनच्या पुढे दिसतं. हे एकशेदोनला आहे. हे तेलकट आहे. कुठलं तरी मलम, क्रीम, तसलं. तू नीट आठव."

"नाही हो मॅडम."

"मग आलेख खोटं बोलतो का?"

पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती गेली, आणि बाई बराच वेळ दाराकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी तिला पुरावाच देते. माझ्या बाजूने काही येत नाही हे एकदा कागदावर दाखवलं की ती शोधायला तरी लागेल."

त्यांनी सोन्याचा पत्रा घेतला, मापं जुळवायला ठेवलेला. यंत्राच्या आत खरवडून लख्ख केला. आलेख काढला: सोनं, फक्त सोनं, एकशेदोनवर सपाट मैदान. मग तो बाहेर काढला आणि त्या मुलीचा नमुना हाताळतात तसाच हाताळला. डावा मोजा, पाच बोटं, पाच हिसके. उजवा. चिमटा. नमुना ठेवायच्या दुसऱ्या तबकडीवर बसवला, परत आत. हवा ओढायला तास गेला. त्या मधल्या वेळात बाई मला म्हणाल्या, "फार बोलले का मी तिला?" मी म्हणालो, "तुम्ही आलेखावर आहे तेच बोललात."

मग पडद्यावर रेघ उमटायला लागली. कार्बन आला, तो येणारच होता. ऑक्सिजन आला. रेघ पुढे सरकली आणि एकशेदोनजवळ हळूच वर चढली. छोटी, गोल, व्यवस्थित टेकडी.

बाईंनी मोजे काढले आणि आपल्या हातांकडे बघितलं. बोटांच्या भेगा केव्हाच भरून आल्या होत्या.

"पंपवाले," त्या म्हणाल्या, "त्या ट्यूबवर मागे काय लिहिलंय?"

"तुमच्या पर्समध्ये असेल ना?"

"घरी असते. मी घरीच लावते. सकाळी निघताना. इथे कधी आणली नाही." आणि मग जरा खाली बघून, "इथे आणायची वस्तू नव्हे ती, म्हणून."

मी वहिनीला फोन लावला आणि माझी ट्यूब शोधून मागचं वाचायला सांगितलं. हात तेलाचे होते म्हणून फोन स्पीकरवर टेबलावर ठेवला होता. वहिनी चष्मा शोधायला गेली, दोन मिनिटांनी आली, आणि एकेक अक्षर लावत वाचू लागली.

"पाणी... ग्लिसरीन... पुढे हे डाय... डायमे... अहो, हे काय लिहितात मेले! डायमेथि... डायमेथिकोन. बरोबर का?"

डायमेथिकोन म्हणजे सिलिकॉनचंच तेल. आम्हा दोघांनाही ते सांगायची गरज नव्हती.

"का हो, हात सुजले का तुमचे?" वहिनी विचारत होती. "आणि ती दुसरी ट्यूब कुणाला दिलीत ते आधी सांगा! चार महिने विचारतेय, तर हे आपले लाजतात!"

मी फोन बंद केला, पण ऐकू जायचं ते गेलं होतं. बाईंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. माझं काय झालं असेल ते मला दिसत नव्हतं, तेवढंच बरं.

बाईंनी अजून एक गोष्ट केली, कारण एवढ्यावर थांबतील तर त्या बाई कसल्या. हात स्पिरिटने तीनदा धुतले, मोज्यांचं नवं खोकं फोडलं, कपाटातला सीलबंद चिमटा काढला, बोटं न ओढता मोजे चढवले, आणि दुसरा पत्रा तसाच आतबाहेर केला. त्या आलेखात एकशेदोनवर काहीच आलं नाही. उघड्या हाताने मोज्याचं बोट ओढताना ते तेल मोज्याच्या बाहेरच्या अंगाला लागत होतं, तिथून चिमट्याला, चिमट्यावरून नमुन्याला. सव्वीस वर्षांची पद्धत, आणि त्यात चार महिन्यांची ट्यूब.

दुपारचे चार वाजले होते. बाई अहवालाचा कोरा कागद घेऊन बसल्या.

"बाई," मी म्हणालो, "स्रोत अज्ञात असं लिहा. पोरगी सुटेल, तुमचंही भागेल. निम्म्या जगातल्या प्रयोगशाळा तसंच लिहितात."

"निम्म्या जगातल्या प्रयोगशाळांवर माझी सही नसते."

"चार महिने राहिलेत तुमचे. कशाला स्वतःच्या तोंडाला काळं फासून घेता?"

"तिच्या फासलं ना मी." त्या लिहायला लागल्या. मग पेन थांबलं. "तुमचं नाव यात येणार नाही. काळजी नको."

मला काळजी होती हे त्यांना कसं कळलं, देव जाणे. मी तोंडातून चकार शब्द काढला नव्हता.

दुसऱ्या दिवशी अकराला बैठक. पंपाच्या तेलाचा संशय नको म्हणून मलाही बोलावलं होतं. लांब टेबल, पाच माणसं, टोकाला ती मुलगी हात मांडीवर घेऊन. बाईंनी उभं राहून अहवाल वाचला. "सिलिकॉनचा स्रोत नमुना हाताळणाऱ्या व्यक्तीच्या हातावरील क्रीम हा आहे. ती व्यक्ती मी आहे. आधीचे सर्व शेरे मागे घेते."

कुणीतरी फिसकन हसलं. विभागप्रमुख म्हणाले, "क्रीम? बाई, तुम्ही?"

आता खरंच हसायला लागले लोक. बाई उभ्याच होत्या.

मुलीचे गाइड हसले नाहीत. स्वतःच्या तयार शेऱ्याची लाज त्यांना कुणावर तरी काढायची होती. "सिलिकॉनवर बंदी आहे हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत. मग ही क्रीम आली कुठून?"

"विकत घेतली," बाई म्हणाल्या. "दुकानातून."

मी त्यांच्यापासून तीन खुर्च्या सोडून बसलो होतो. उठून म्हणायचं होतं, मी दिली. तीन शब्द सुद्धा नाहीत. फार तर एक मेमो हातात पडला असता, आणि असले मेमो मी बरेच बघितलेत. त्याची भीती नव्हती. भीती याची होती की आता हसू माझ्याकडे वळेल: पंपवाल्याने हातमोजेबाईंना क्रीम दिली. संस्थाभर ते पसरलं असतं, कँटीनपासून गेटपर्यंत. म्हणून मी मूग गिळून बसलो आणि टेबलाच्या कडेचा निघालेला सनमायका नखाने उचकटत राहिलो. ज्या बाईंनी कागदावर एक आकडा इकडचा तिकडे केला नव्हता, त्या माझ्यासाठी पाच माणसांसमोर खोटं बोलल्या.

मुलीला वर्षभराची मुदतवाढ मिळाली. बाहेर जिन्यात बाईंनी तिला थांबवलं. "मी तुला खोटं पाडलं. चूक माझी होती." ती पोर "मॅडम, असू द्या हो" म्हणत त्यांचा हात धरायला गेली, आणि बाईंनी सवयीने हात मागे घेतला.

पुढचे चार महिने वाईट गेले. बाईंच्या अहवालांवर आता दुसऱ्याची सही लागायची. जुने आलेख तपासायला एक समिती बसली, तिला काही सापडलं नाही, पण ती बसली. वऱ्हांड्यात कुणीतरी विचारायचं, "बाई, आज कुठली क्रीम?" त्यांचे हात पुन्हा फुटले. आणि मी काय केलं? मी तळघरात जाणं कमी केलं. पंपाचा आवाज बदलल्याचा फोन आला की दुसऱ्या मेकॅनिकला पाठवायचो. तो येऊन सांगायचा, "आवाज तर नेहमीसारखाच होता." आठ-दहा वेळा असं झालं, मग फोन यायचा बंद झाला.

त्यांच्या शेवटच्या दिवशी मी मुद्दाम शहराच्या दुसऱ्या टोकाच्या केंद्रावर काम काढलं. संध्याकाळी परत आलो तर ऑफिसचा शिपाई म्हणाला, "बाई तुम्हाला शोधत होत्या. दोनदा येऊन गेल्या. कसली तरी सही हवी म्हणाल्या." मला वाटलं, साहित्य जमा केल्याचा फॉर्म असेल. मी म्हटलं, नंतर बघू. त्या दुसऱ्या गावी भावाकडे गेल्या, असं पुढे कळलं.

याला नऊ महिने झाले. तळघरात आता नवा ऑपरेटर आहे, सगळं संगणकावर, वही बंद. परवा त्याने विचारलं, मोठ्या पंपाचं तेल शेवटचं कधी बदललं होतं? ते वहीतच होतं. मी कपाटातून वही काढली, बेसिनजवळ उभ्याउभ्या पानं उलटू लागलो आणि बैठकीच्या दिवसाच्या पानावर थांबलो. स्रोताच्या रकान्यात बाईंच्या त्या ताठ अक्षरात लिहिलं होतं: हाताळणाऱ्याच्या हातावरील क्रीम, विकत घेतलेली.

"विकत घेतलेली" या शब्दांवर एक सरळ रेघ होती. खालचं वाचता येत होतं. वर लिहिलं होतं: "भेट मिळालेली". शेजारी सही, आणि तारीख त्यांच्या शेवटच्या दिवसाची. कुणी दिली ते नव्हतं. साक्षीदाराचा रकाना रिकामा होता.

त्या सहीसाठी त्या मला दोनदा शोधत आल्या होत्या.

नवा ऑपरेटर म्हणाला, "सापडली का तारीख?" मी म्हटलं, "थांब जरा." दुसऱ्या खुर्चीवरचे माझे पाने खाली ठेवले, तिच्यावर बसलो आणि साक्षीदाराच्या रकान्यात माझं पूर्ण नाव लिहून सही केली. पुढे, ट्यूब मी दिली होती, असंही लिहिलं. तारीख त्याच दिवसाची घातली, नऊ महिने उशिराची. मग जिना चढून वर गेलो आणि नियमाप्रमाणे एक प्रत काढली.

ती खोडणाऱ्याच्या हातात जायला हवी होती. पाकीट आणलं, तिकीट लावलं, आणि पत्ता लिहायला पेन उघडलं तेव्हा लक्षात आलं की इतक्या वर्षांत मी तो कधी विचारलाच नव्हता. ऑफिसात जाऊन मागावा लागला. कारकून म्हणाला, "काय काम आहे त्यांच्याकडे?" मी म्हटलं, "ट्यूब मी दिली होती," आणि तिथे बसलेल्या चारही जणांनी माझ्याकडे वळून बघितलं.